चिऊचे घर आणि काचेची पाटी

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादक एरव्ही विषय माझ्यावर सोपवतात. यंदा मात्र लेखाबरोबर विषयही धाडला आणि वर लिहिले, “तुम्ही तीस वर्षे मुलांच्या पुस्तकांची परीक्षणे करीत आहात. हल्ली मुलांच्या हाती पुस्तकाच्या आधी टॅब्लेट येतो. तेव्हा एकदा त्याचेही परीक्षण होऊन जाऊ द्या.” त्यांचा हा निरोप मी वाचला तेव्हा आमची नात माझ्यासमोर उंच खुर्चीत बसली होती. तिच्यापुढे पाण्याच्या तांब्याला टेकवून मी एक टॅब्लेट उभा केला होता. त्यात एक निळे हत्तीचे पिल्लू नाचत होते, आणि ते पाहताना नातीचे तोंड जेवढे उघडे राही तेवढ्यात मी वरणभाताचे घास आत सारीत होते. संपादकांना हे दृश्य दिसले असते, तर त्यांनी लेख खचितच दुसऱ्या कुणाकडून मागवला असता.

ही कबुली आरंभीच देऊन टाकलेली बरी. या विषयावर लिहिणाऱ्यांचा एक ठरलेला पवित्रा असतो. हल्लीच्या आयांना मुलांसाठी वेळ नाही, मूल रडले की हातात यंत्र देऊन मोकळ्या होतात, आमच्या वेळी असे नव्हते, असे म्हणत ते लिहायला बसतात. आमच्या घरी प्रकार उलटा होता. सूनबाईने पहिल्याच महिन्यात मला बजावले होते, “आई, दोन वर्षांची होईपर्यंत हिला पडदा दाखवायचा नाही हं.” डॉक्टरांनी दिलेला कागदही तिने फ्रिजवर डकवून ठेवला होता. ती सकाळी पावणेआठच्या लोकलने डोंबिवलीहून निघते आणि संध्याकाळी सात वाजता परतते. मधल्या वेळात राज्य माझे असते. माझे गुडघे दुखतात, मूल जेवताना तासभर लावते, आणि शिवाय मला लेख लिहावयाचे असतात! मी तो टॅब्लेट काढला. सूनबाई येण्यापूर्वी वरणाचे डाग पुसून तो पुन्हा जागच्या जागी ठेवू लागले. मुलांच्या वाङ्मयातील भेसळीवर तीस वर्षे कोरडे ओढणारी मी, घरातल्या घरात चोरी करीत होते.

असे सात-आठ महिने चालले. नात वीस महिन्यांची झाली तरी तिच्या तोंडात चार-पाचच शब्द होते. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी कानांची तपासणी करून घेतली. कान उत्तम होते. मग त्यांनी विचारले, “दिवसभर हिच्याशी कोण बोलते?” सूनबाई माझ्याकडे बोट करून मोठ्या अभिमानाने म्हणाली, “आमच्या आई असतात ना घरी! त्यांना शेकडो गोष्टी येतात.”

मी काही बोलले नाही. डॉक्टर समंजस होते. प्रत्येक मुलाच्या बोलण्याची चाल निराळी असते, एखाद्या कारणावर सगळे खापर फोडता येत नाही, असे ते म्हणाले. पण पडदा पूर्ण बंद ठेवा आणि तिच्याशी भरपूर बोला, असे त्यांनी निक्षून सांगितले. वाटेत रिक्षातच मी सूनबाईला सगळे सांगून टाकले. ती रागावली नाही. “मग एवढे दिवस त्या शेकडो गोष्टींचे काय झाले?” इतकेच तिने विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे परीक्षण आहे. परीक्षण करावयाचे तर आधी ग्रंथ नीट वाचला पाहिजे. म्हणून नात झोपली असताना मी ती निळ्या हत्तीची गाणी पुन्हा, या खेपेस चष्मा लावून, ओळीने पाहिली.

पहिल्यांदा गुण सांगते. गाण्यांचा ताल पक्का आहे. पालुपद वारंवार येते, आणि लहान मुलाला पालुपद हवेच असते. उच्चार स्वच्छ आहेत. मराठी थोडी बेचव आहे खरी, कुठल्याच गावचे पाणी न प्यालेली. परंतु छापील बालगीतांच्या पुस्तकांतही याहून वाईट भाषा मी पाहिली आहे. चित्रांतले रंग भडक आहेत, तसे ते जत्रेतल्या खेळण्यांचेही असतात. एवंच, पुस्तक म्हणून हे माझ्यापुढे आले असते, तर ‘सामान्य, पण निरुपद्रवी’ असा शेरा देऊन मी पुढे गेले असते.

आता दोष. पहिला दोष असा की या गाण्यांत थांबणे नाही. दर दोन-तीन सेकंदांनी चित्र बदलते. हत्ती दिसला न दिसला तोच फुगा, फुगा दिसला न दिसला तोच आगगाडी. याउलट आपल्याकडे बाळाच्या बोटांवर जी गाणी म्हणतात ती आठवून पाहा. करंगळीपासून एकेक बोट धरीत, तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर असे आपण चढत जातो, आणि काखेत गुदगुली करण्यापूर्वी क्षणभर थांबतो. त्या गाण्याचा सारा प्राण या थांबण्यात आहे. मूल श्वास रोखून वाट पाहते. आपण आणखी जरा थांबतो. त्याच्या ओठांवर हसू फुटू लागले की मगच बोटे पुढे सरकतात. किती थांबावे हे गाण्यात लिहिलेले नसते. ते मुलाच्या चेहऱ्यावर वाचावे लागते.

दुसरा दोष असा की या गाण्यांना शेवट नाही. एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते. ते संपण्याआधीच तिसऱ्याचे चित्र कोपऱ्यात डोकावू लागते. पुस्तक मिटता येते, आजीला झोप येते, पाळणा म्हणणारीचा आवाज बसतो. प्रत्येक गोष्टीला असा कुठेतरी शेवट असतो, आणि शेवट झाला म्हणूनच ‘पुन्हा सांग’ असे म्हणता येते. ‘पुन्हा सांग’ ही मुलाने केलेली पहिली समीक्षा होय. जिथे शेवट नाही, तिथे या समीक्षकाला मत देण्याची सोयच राहत नाही.

परंतु हे दोष वरवरचे आहेत. संथ, सुबक, शेवट असलेली चित्रफीत उद्या कुणी केली तर ते निघून जातील. खरा दोष मला उमगला तो चिऊकाऊच्या गोष्टीमुळे.

ही गोष्ट ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, आणि भिजलेला कावळा चिमणीचे दार ठोठावतो. चिमणी दार उघडत नाही. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, अंग पुसायचे आहे, अंगडे घालायचे आहे, तीट लावायची आहे, जेवू घालायचे आहे, निजवायचे आहे, अशा एकामागून एक सबबी ती सांगत राहते. आता मला सांगा, या सबबी एकूण किती? साहित्याचा अभ्यासक म्हणून मी या गोष्टीची प्रमाण संहिता शोधू लागले, तर ती मिळणार नाही. कारण सबबी तितक्याच, जितके वाटीत घास! भात थोडा असला की चिमणी दोनच सबबी सांगून दार उघडते. भात पुष्कळ असला की तिच्या बाळाला काजळ लागते, वेणी घातली जाते, दुपटे बदलले जाते. मूल पेंगुळले तर निजवण्याची सबब लांबते. समोरचे मूल आज न्हायला नको म्हणून रडले असेल, तर चिमणीचे बाळही रडते. म्हणजे या गोष्टीचा अर्धा भाग सांगणारीच्या तोंडी असतो आणि उरलेला अर्धा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. ती सांगणारी बाई पाहत पाहत सांगते.

निळा हत्ती पाहत नाही. माझी नात हसली, रडली, तिला ठसका लागला, की ती खुर्चीत झोपून गेली, त्याचा नाच तसाच चालू राहतो. आणि तो पाहत नाही एवढ्यावर हे थांबले असते तरी चालले असते. तो आहे म्हणून मीही पाहत नव्हते. माझे डोळे तिच्या तोंडाकडे होते खरे, पण ते तोंड उघडले आहे की मिटले आहे एवढेच पाहण्यापुरते.

माझे हे म्हणणे नुसते आजीबाईचे हळवेपण आहे, असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी शास्त्राचे दोन दाखले देते. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल नावाच्या विदुषींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या सुमारे नऊ महिन्यांच्या बाळांपैकी काहींशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून बोलली, खेळली, पुस्तके वाचती झाली. अशा बारा बैठका झाल्या. या बाळांना चिनी भाषेतले असे ध्वनिभेद ओळखता येऊ लागले, जे इंग्रजीत नाहीत. दुसऱ्या काही बाळांना त्याच माणसांच्या त्याच बैठका पडद्यावर दाखवल्या. त्यांना काहीच आले नाही. आवाज तोच, भाषा तीच, चेहराही तोच. पण त्या चेहऱ्याला समोरचे बाळ दिसत नव्हते.

दुसरा प्रयोग 2014 सालचा. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकवण्याचा तो प्रयोग होता. समोर बसलेल्या माणसाकडून मुले ती शिकली. आधीच टिपून ठेवलेल्या चित्रफितीवरून शिकली नाहीत. पण पडद्यावरच पलीकडे जिवंत माणूस असून ते मुलाशी प्रत्यक्ष बोलत होते, त्याच्या उत्तराची वाट पाहत होते, तेव्हा मुले पुन्हा शिकली. म्हणजे दोष काचेचा नव्हे.

हे आम्ही घरीही पाहिले आहे. नातीची आत्या मेलबर्नला असते. दर रविवारी ती व्हिडिओवरून बोलते. “नाक कुठे गं तुझं?” असे ती विचारते, आणि नात नाकावर बोट ठेवते. आत्या टाळ्या वाजवते. नात मग कानावर बोट ठेवून आत्याला मुद्दाम फसवते आणि आत्या फसल्याचे सोंग करते. ते यंत्रही तेच आणि त्याची काचही तीच. परंतु आत्या पाहते. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच नको असे सांगताना, दूरच्या नातेवाइकांशी अधूनमधून असे बोलण्याची मोकळीक ठेवली आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी जास्तीत जास्त एक तास, आणि तोही कुणी शेजारी बसलेले असताना, असे अकादमी म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली जवळपास हेच सांगितले. एक वर्षाखाली मुळीच नाही, दुसऱ्या वर्षीही नको, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत तासाहून अधिक नाही. त्याहून कमी असेल तर उत्तमच.

आता आक्षेपांकडे वळते.

पहिला आक्षेप शिक्षणाचा. टॅब्लेटवर मुले अंक, रंग, प्राणी लवकर शिकतात, मग मागे का राहावे? हा मोह नवा नाही. अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तान्ह्या मुलांसाठी ‘बेबी आइन्स्टाइन’ नावाच्या चित्रफिती निघाल्या. नावातच मुलाला आइन्स्टाइन करण्याचे आश्वासन होते. त्यांचा खप अफाट झाला आणि 2001 मध्ये डिस्ने कंपनीने तो धंदा विकत घेतला. त्यांच्या शैक्षणिक दाव्यांवर पुष्कळ टीका झाली, आणि 2009 मध्ये कंपनीने ग्राहकांना पैसे परत देऊ केले. आमच्याकडे मात्र याच्या कितीतरी आधी, 1945 साली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, आणि पुढे 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर ते नेले. माँटेसरीबाईंची शिक्षणसाधने महाग होती. खेड्यातल्या, पाड्यावरच्या मुलांना ती परवडणारी नव्हती. या दोघींनी खडे, शिंपले, बिया, पाने हीच साधने केली. वस्तूची किंमत आणि शिक्षणाची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी करून दाखवले. चिंचोका उचलला की जड की हलका, गुळगुळीत की खरखरीत, हे बोटांना कळते. तो टाकला की आवाज होतो आणि घरंगळत गेला की त्याच्यामागे धावावे लागते. काचेवरचा चिंचोका कितीही सुंदर रंगवला, तरी बोटाला काचच लागते.

‘टॅब्लेट’ या शब्दाचा मूळ अर्थ लिहिण्याची पाटी. आपण पाटीवर लिहीत असू आणि ओल्या फडक्याने पुसत असू. पाटीला मूल लागे, मुलाला पाटी लागे. या काचेच्या पाटीवर तान्हे मूल काही लिहीत नाही. लिहिलेले सारे दुसऱ्या कुणाचे असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक पिढी नव्या साधनाच्या नावाने बोटे मोडते. रेडिओला मोडली, सिनेमाला मोडली, दूरदर्शनला मोडली. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडी तो संच होता. संध्याकाळी सारी चाळ तिथे लोटे. मुलांची डोकी बिघडणार असे आमचे आजोबा म्हणत, आणि म्हणता म्हणता पुढची जागा धरून बसत. डोकी बिघडली नाहीत. पण तेव्हाचे चित्र नीट आठवावे. संच भिंतीशी जखडलेला, कार्यक्रम थोडे, आणि ते ठरल्या वेळी संपत. पाहणारी मुले चालतीबोलती होती, आणि भोवती वीस माणसे असत. “तो बघ, तो आता पडणार!” असे कुणीतरी ओरडे. आज वीस महिन्यांचे मूल एकटे, हाताएवढ्या पडद्यापुढे, कितीही वेळ बसते. आजोबांची भीती फुकट गेली म्हणून माझीही जावी, असा नियम नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मी नम्र आहे. ज्या घरी आजी नाही, खोली एकच, आईबाप दोघे कामावर आणि शेजारी परके, तिथल्या आईने स्वयंपाक होईस्तोवर मुलापुढे मोबाइल ठेवला, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पोळ्यांचा तवा तापलेला असताना रांगणारे मूल पायांत येऊ नये, एवढाच तिचा हेतू असतो. 2020 साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा मोठ्या मुलांची शाळाच मोबाइलवर भरली, आणि ज्यांच्या घरी तो नव्हता ती मुले शाळेला मुकली, हेही आपण पाहिले. तेव्हा यंत्राला राक्षस म्हणून मोकळे होता येत नाही. त्या आईला उपदेशापेक्षा एका माणसाची गरज आहे. जवळ चांगले पाळणाघर असेल, कामाच्या वेळा माणुसकीच्या असतील, शेजारची काकू अर्धा तास मुलाला घेऊन बसेल, तर तिच्या घरचा पडदा आपोआप मिटेल. माझ्यासारखीने, जिच्याजवळ वेळही होता आणि गोष्टीही होत्या, तिने मात्र सबब सांगू नये. सबबी चिमणीला शोभतात.

आणखी एक गोष्ट, जी आक्षेपात कुणी आणत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसतखेळत असते. मग ती काही वेळ चेहरा निर्विकार ठेवून नुसती बाळाकडे पाहत राहते. बाळ आधी हसते, हात पुढे करते, आवाज करते, तिला परत आणण्याचे सारे उपाय करून पाहते. काही उपयोग होत नाही असे दिसले की तोंड फिरवते आणि रडकुंडीला येते. त्या काळी मोबाइल नव्हता. आज मोबाइलमध्ये डोके घातलेल्या माणसाचा चेहरा असाच असतो. मागच्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला अकरा माणसे जमली होती. बाहेर मुलांनी मातीचा किल्ला केला होता, त्यावर अळीव उगवले होते. नात एक चकली हातात घेऊन प्रत्येकाच्या गुडघ्याशी जाऊन उभी राहत होती. ती चकली तिला कुणालातरी द्यायची होती. चौघांनी खाली न पाहताच तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलाच्या हातातले यंत्र काढून घेण्याच्या गप्पा मारताना हे चौघे मला आठवतात, आणि त्यांच्यात मी होते.

परीक्षकाने शेवटी निकाल द्यावा अशी रीत आहे. माझा निकाल सरळ आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नको. अपवाद फक्त त्या पडद्यात त्याच्याशी बोलणारे, त्याला पाहणारे आपले माणूस असेल तेव्हा. त्यानंतर थोडा वेळ, शेजारी बसून, “हे काय गं?” असे विचारीत, आणि संपले की मिटून. जेवताना आणि निजताना मुळीच नको, कारण ते गोष्टीचे तास आहेत. पण एवढे पाळून जर आपण आपलाच मोबाइल पाहत बसणार असू, तर मुलाने एक पडदा गमावला आणि समोर दुसरा मिळवला, इतकेच होईल.

आमच्या घरी तो टॅब्लेट आता कपाटात आहे. पहिले चार दिवस फार वाईट गेले. नात रिकाम्या तांब्याकडे बोट दाखवून रडे, आणि मी चिऊकाऊ सुरू केली की अधिकच रडे. हत्तीपुढे माझी चिमणी फिकी होती. पाचव्या दिवशी ती ऐकू लागली. शब्द एकदम फुटले असे मुळीच झाले नाही, आणि पुढे ते आले ते गोष्टीमुळे की वयामुळे, हे मला सांगता येणार नाही.

मात्र परवाची गोष्ट सांगते. वाटीत भात पुष्कळ होता, म्हणून मी मनाशी निदान आठ सबबींची तयारी केली होती. पाऊस आला, शेणाचे घर वाहून गेले, कावळ्याने दार ठोठावले. मी खुर्चीच्या फळीवर बोटाने टकटक केली आणि नेहमीप्रमाणे थांबले. चिमणीने तोंड उघडण्यापूर्वीच नात दोन्ही हात पसरून म्हणाली, “ये!”

इतक्या पिढ्यांत त्या कावळ्याला पहिल्याच हाकेला कुणी आत घेतले असेल, असे मला वाटत नाही. गोष्ट तिथेच संपली. भात तेवढाच उरला.